पाण्याची वेगळी पट्टी भरणारा देश

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या वाचकांच्या पत्रांच्या पानावर मागं एका गृहस्थांनी लिहिलं होतं की पोरांकडं परदेशी जाऊन आलेली वयस्कर माणसं परत आल्यावर लई अक्कल शिकवतात, तिथं हॉर्न वाजवत नाहीत, तिथं कुणी थुंकत नाही, मग तिथंच राहायचं होतं की. आमच्या हिनं ते पान कापून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवलं होतं, म्हणजे समजून घ्या. तेव्हा हॉर्न आणि थुंकणं हे दोन विषय सोडून देतो. पण एक गोष्ट काही केल्या डोक्यातनं जाईना आणि ती कोल्हापूरच्या कामाची आहे म्हणून हे पत्र. लांबलंय, कापा पाहिजे तर, पण मधलं इंजिनाचं तेवढं कापू नका.

मी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस, वर्कशॉप आता मुलगा बघतो. मुलगी आणि जावई हॉलंडला, रॉटरडॅमच्या जवळ राहतात. तिच्या बाळंतपणाला म्हणून आम्ही दोघं गेलो आणि व्हिसा जेवढे दिवस देतो तेवढे सगळे वसूल करून आलो. आल्यापासून गंगावेशीत दूध कट्ट्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, ट्युलिप बघितलं का. बघितलं. भारी आहे. दुसरा प्रश्न मोठ्यानं कुणी विचारत नाही, त्याचं उत्तर जावई बरोबर होता त्यामुळं नाही.

डोक्यात जे बसलंय ते ट्युलिप नाही, एक बिल आहे. एक दिवस टपालात आलं, मुलगीनं बघितलं आणि कपाळाला आठी घालून म्हणाली हे पाण्याचं. मी म्हटलं नळपट्टी. ती म्हणाली नाही बाबा, नळाचं वेगळं येतं, हे आपण बुडू नये म्हणून भरायचं. मी तिला परत सांगायला लावलं. त्या देशात पाण्यासाठी वेगळी मंडळं आहेत, एकूण २१, आणि ती सरकारच्या खात्याखाली नाहीत, नगरपालिकेखाली पण नाहीत, स्वतंत्र आहेत. त्यांना स्वतःचा कर लावायचा अधिकार आहे. दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते, लोक मतदान करतात, शेतकऱ्यांना आणि निसर्गवाल्यांना थोड्या जागा राखीव असतात. काही मंडळं तर तेराव्या शतकापासूनची, म्हणजे देश म्हणून हॉलंड नव्हतं तेव्हा बांध राखणारी मंडळं होती. त्यांची स्वतःची बँक आहे, १९५४ सालची. गंमत म्हणजे मुलगीला तिथल्या पार्लमेंटला मत देता येत नाही कारण तिचा पासपोर्ट भारताचा, पण पाणी मंडळाला देता येतं, कारण बुडायची वेळ आली तर पाणी पासपोर्ट विचारत नाही. हे जावयाचं वाक्य, माझं नाही.

आता तुम्ही म्हणाल तिथं लोक उड्या मारत मतदानाला जात असतील. नाही. निम्म्याच्या आसपास जातात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपण नक्की कशाला मत देतोय हे माहीत नसतं असं जावईच सांगतो. पण कर सगळे भरतात, कुरकुरत भरतात, आणि त्या पैशातनं बांधांची देखभाल, पंप, कालवे, सांडपाण्याची सफाई हे वर्षभर चालू असतं. उंदरासारखा एक मोठा प्राणी आहे तिकडं, पाणथळ जागेत राहतो, तो बांधाला बिळं पाडतो, तर त्याला पकडायला पगारी माणसं आहेत. मला आधी खरं वाटलं नाही. मग एका सकाळी कालव्याच्या कडेला एक माणूस पिंजरा घेऊन छातीएवढ्या पाण्यात उभा दिसला, रबरी पँट घालून, थंडी अशी की माझे दात वाजत होते आणि हा निवांत.

थोडं त्या देशाचं सांगतो म्हणजे हे सगळं का लागतं ते कळेल. देशाची पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. मुलगीच्या घरापासून जवळ न्यूवेरकेर्क नावाचं गाव आहे, तिथं हायवेच्या कडेला खूण आहे, ६.७६ मीटर खाली, देशातली सगळ्यात खालची जागा. म्हणजे साधारण दोन मजली घराच्या गच्चीवर समुद्र आणि खाली तुम्ही गाडी चालवताय. सगळ्यात उंच डोंगर त्यांचा ३२२ मीटर. तिथं जावई मोठ्या कौतुकानं घेऊन गेला. मी म्हटलं अरे आपलं कोल्हापूर शहरच साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तुमच्या सगळ्यात उंच डोंगरावर उभं राहिलं तरी रंकाळ्याचा तळ वरच राहील. पण मग विचार आला की एवढ्या उंचावर असून आपण बुडतो आणि ते समुद्राच्या खाली राहून कोरडे. हसणं तिथंच बंद झालं.

आता इंजिनाचं. विमानतळ आहे ना ॲमस्टरडॅमचा, स्किपोल, तो ज्या जमिनीवर आहे तिथं पूर्वी तळं होतं. साधंसुधं तळं नाही, वादळात लाटा काठ खात खात शहरांच्या वेशीपर्यंत यायच्या. मग त्यांनी ठरवलं की हे उपसायचं. पवनचक्क्यांनी उपसायचं म्हटलं तर शेकड्यानं लागल्या असत्या, म्हणून वाफेची तीन इंजिनं बसवली आणि १८४९ ते १८५२ या काळात अख्खं तळं कोरडं केलं. त्यातलं एक, क्रुकियस नावाचं, अजून जागेवर आहे आणि त्याचं म्युझियम केलंय. संपादक साहेब, मी शिरोलीच्या फाउंड्र्यांमधनं कास्टिंग आणून आयुष्यभर मशिनिंग केलंय, पण बारा फूट व्यासाचं सिलिंडर मी बघितलं नव्हतं. १४४ इंच! १८४० च्या दशकात ओतलेलं, इंग्लंडात कॉर्नवॉलला, आणि जहाजानं आणून इथं जोडलेलं. त्या काळात एवढं बोअर कसं केलं असेल, किती दिवस टूल फिरत असेल, टॉलरन्स कसा धरला असेल, मी तिथं सिलिंडरला हात लावून उभाच राहिलो. गोल इमारत, मधे इंजिन आणि भिंतीतनं चारी बाजूंनी बाहेर आलेले आठ लोखंडी तुळया, प्रत्येकीच्या टोकाला एक पंप. आता वाफेवर चालत नाही, हायड्रॉलिकवर हलवून दाखवतात, पण ज्या वेळी त्या आठ तुळया एकदम उचलल्या गेल्या त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला. ही म्हणाली फोटो काढा, मला सुचलंच नाही. तिथला गाईड म्हातारा, पेन्शनर, फुकट काम करणारा, त्याला मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमधे पिस्टनच्या पॅकिंगबद्दल विचारलं तर तो इतका खूश झाला की बाकीचे पर्यटक सोडून त्यानं मला खालच्या अंगाला नेऊन दाखवलं. हे इंजिन १९३३ पर्यंत कामाला होतं. नव्या पंपांनी त्याची सुट्टी केली तरी कुणाला ते भंगारात घालायचं सुचलं नाही, हे मला जास्त भावलं, कारण आपल्याकडं जुनी ऑइल इंजिनं कुठं गेली ते आपल्याला माहीत आहे.

तळं एकदा उपसलं म्हणजे झालं असं नसतं हे पण तिथंच कळलं. पाणी झिरपतच राहतं, पाऊस पडतोच, म्हणून पंप कायम लागतात. आणि उपसत राहिलं की खालची माती सुकून दबते, जमीन आणखी खाली जाते, मग आणखी उपसा. त्यांनी स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलेलं काम आहे हे आणि ते तेच कबूल करतात. उन्हाळ्यात तर वेगळीच भीती. काही बांध मातीचे नाहीत, कुजलेल्या पालापाचोळ्याच्या मऊ मातीचे आहेत, ते सुकले की हलके होतात आणि पाण्याच्या दाबानं सरकतात. २००३ च्या ऑगस्टमधे विल्निस नावाच्या गावात असा बांध सरकला आणि ऐन दुष्काळात गल्ल्यांतनं पाणी शिरलं. तेव्हापासून कडक ऊन पडलं की माणसं बांधावर फिरून भेगा शोधतात. आपण उन्हाळ्यात पूर हा शब्द तरी काढतो का?

१९५३ च्या पुराचं म्युझियम बघितलं ते मात्र जड गेलं. ३१ जानेवारीची रात्र, समुद्राला भरती आणि वर वादळ, बांध एकामागं एक फुटले आणि १८३६ माणसं गेली. झीलंड नावाचा भाग, बहुतेक बेटंच आहेत. औवरकेर्क गावाजवळ शेवटचं भगदाड बुजवायला काँक्रीटच्या प्रचंड पेट्या आणून बुडवल्या होत्या, म्युझियम त्या पेट्यांच्या आतच आहे. गेलेल्या माणसांची नावं आहेत. मुलगीच्या शेजारी एक आजी राहतात, त्या तेव्हा लहान होत्या, त्यांनी एवढंच सांगितलं की गाईंचा आवाज रात्रभर येत होता आणि पहाटे बंद झाला. २०१९ ला शिरोळ तालुक्यात ज्यांनी जनावरं दाव्याला तशीच सोडून होडीत पाय ठेवला त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि इथं एक गोष्ट मुद्दाम लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा माणूस गोऱ्यांच्या प्रेमात पडून आलाय. बांध कमी पडणार आहेत हे त्यांच्याच सरकारी खात्यातला एक इंजिनियर, योहान फान फेन, १९५३ च्या कितीतरी आधीपासून सांगत होता. अहवाल लिहित होता. ते अहवाल गोपनीय म्हणून कपाटात पडले, कारण युद्ध होतं, नंतर पैसा नव्हता, कारणं नेहमीची. पूर आल्यावर मात्र तीन आठवड्याच्या आत कमिटी बसली आणि तिनं जे सांगितलं ते नुसतं छापून ठेवलं नाही, १९५८ ला कायदा केला आणि पुढची चाळीस वर्षं बांधत राहिले. ऑस्टरस्खेल्ड नावाच्या खाडीच्या तोंडावरचा तो नऊ किलोमीटरचा अडसर बघितला मी, ६२ पोलादी दरवाजे, १९८६ ला पुरा झाला. तो आधी कायमचा बंद बांध होणार होता, पण मासेमार आणि निसर्गवाले भांडले की खारं पाणी आत आलं नाही तर कालवं आणि शिंपले मरतील, म्हणून दरवाजे केले, एरवी उघडे आणि वादळात बंद. खर्च वाढला, वेळ वाढला, शिव्या पण बसल्या. म्हणजे अक्कल त्यांना पण ठेच लागूनच आली. फरक एवढा की आपल्याकडं २००५ झालं, २०१९ झालं, पुराचा अभ्यास करायला वडनेरे समिती झाली, अहवाल आला, २०२१ ला पाणी आधीच्यापेक्षा वर गेलं.

२०२१ वरनं आठवलं. त्याच जुलैत, आपल्या आठवडाभर आधी, हॉलंडच्या दक्षिण टोकाला पण पूर आला होता. लिम्बर्ग म्हणतात त्या भागाला, तोच तो ३२२ मीटरचा डोंगर आहे तिथला. खेल नावाची नदी आहे, नदी कसली, आपल्या जयंती नाल्यापेक्षा थोडी रुंद, ती १४-१५ जुलैला फाल्केनबुर्ग नावाच्या गावात घुसली आणि दुकानं, हॉटेलं, घरं सगळं चिखलात. शेजारच्या जर्मनी आणि बेल्जियममधे दोनशेच्या वर माणसं गेली. फाल्केनबुर्गला आम्ही गेलो तेव्हा एका हॉटेलवाल्यानं भिंतीवर पाण्याची खूण दाखवली, माझ्या छातीपर्यंत. मी मोबाईलवर त्याला आमच्या शाहूपुरीतल्या घराचा फोटो दाखवला, त्याच महिन्यातला, खूण साधारण तेवढीच. दोघंही गप्प झालो आणि मग त्यानं कॉफीचे पैसे घेतले नाहीत. हॉलंडमधे माझे कुणी पैसे घेतले नाहीत असं एवढंच एकदा झालं, कारण तिथं मित्र जेवायला बोलावतात आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलवर तुमच्या वाट्याच्या बिअरचं बिल पाठवतात.

मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते आता. ते लोक फक्त बांध उंच करत बसले नाहीत. १९९५ ला नद्या इतक्या भरल्या की अडीच लाख माणसं हलवावी लागली. बांध टिकले, पण त्यांनी धडा उलटा घेतला, की बांध अजून किती वर नेणार, त्यापेक्षा नदीला जागा द्यायची. तीसच्या वर ठिकाणी कामं काढली. नायमेखन नावाच्या शहरात नदी एका ठिकाणी चिमटल्यासारखी होते, तिथं त्यांनी पलीकडचा बांध ३५० मीटर मागं नेला, मधे नदीला दुसरा मोठा पाट खणून दिला आणि त्यासाठी पन्नासएक घरं पाडली. लोकांनी विरोध केला, वर्षानुवर्षं मीटिंगा झाल्या, मग मोबदले ठरले. आज तिथं उन्हाळ्यात लोक पोहतात, पोरं होड्या वल्हवतात, पूल झालेत नवे. दुसऱ्या एका ठिकाणी, ओव्हरडीप म्हणतात त्याला, शेतकऱ्यांनीच प्लॅन दिला की आमच्या शेतात पुराचं पाणी येऊ द्या, आम्हाला फक्त घरं-गोठे उंच भरावावर बांधून द्या. काही जण जमीन देऊन उठून गेले, बाकीचे भरावावर राहिले. एका भरावावरच्या गोठ्यात मी जाऊन आलो, गाई निवांत, खाली हिरवंगार रान.

तिथं उभं राहून मला चिखली-आंबेवाडी आठवली नसती तर मी कोल्हापूरचा कसला. १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला पुनर्वसन ठरलं, त्या वेळी जन्मलेली पोरं आज बाप झाली आणि अजून दर जुलैत गाव रिकामं करायची धावपळ. दोष एकट्या सरकारचा नाही, गावकऱ्यांचा पण एकट्यांचा नाही. जुनं घर, शेत जवळ, कागद अर्धवट, हे सगळं खरं आहे. पण ओव्हरडीपच्या शेतकऱ्याला पण जुनं घर होतंच की.

आता मुद्दा असा की पाण्याच्या कामात आपण काय अडाणी नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा अख्ख्या महाराष्ट्रात आपल्या नावानं बांधतात, फळ्या घालायच्या, फळ्या काढायच्या, साधं आणि स्वस्त. राधानगरी धरण शाहू महाराजांनी सुरू केलं, त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की अजून आपण फोटो पाठवतो एकमेकांना. पंचगंगेच्या, भोगावतीच्या, कुंभीच्या काठानं गावोगावी सहकारी पाणीपुरवठा संस्था आहेत, शेतकऱ्यांनी कर्ज काढून मोटारी बसवल्या, पाइपा टाकल्या, पाळीपत्रक करून मैल मैल लांब उसाला पाणी नेलं, निवडणुका लढवल्या, मारामाऱ्या पण केल्या, पण संस्था चालवल्या. हवं असलेल्या पाण्यासाठी आपण हे सगळं केलं. नको असलेल्या पाण्यासाठी मात्र एकही संस्था नाही. नदीत यायचं पाणी सगळ्यांचं, नदीतनं घरात घुसलेलं पाणी ज्याचं त्याचं. मला तिथं बसून हे सुचलं आणि मग रात्री झोप लागेना, ही म्हणाली जेट लॅग, जाऊन महिना झाला होता.

पुरात आपण कमी पडत नाही, उलट. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, दूध नाही, पेट्रोल नाही, आणि तरी तालमीची पोरं गळ्याएवढ्या पाण्यातनं म्हाताऱ्यांना खांद्यावर आणत होती, गल्लीगल्लीत भाकऱ्या भाजल्या जात होत्या, मुसलमान बोर्डिंगपासून मठांपर्यंत सगळी दारं उघडी होती. त्याला तोड नाही, मी तिथं लोकांना सांगितलं तेव्हा त्यांनी पण मान हलवली. पण पाणी उतरलं, पंचनामे झाले, कुंभार गल्लीतल्या भिजलेल्या गणपतींचे फोटो छापून आले, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर दोन मोर्चे झाले की ऑक्टोबरपासून सगळं थंड. अलमट्टीचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही, कर्नाटकाची धरणाची उंची वाढवायची भाषा चालू असताना गप्प बसावं असं पण नाही. पण राइन आणि मास या दोन्ही नद्या पण परदेशातनंच येतात हॉलंडला, वर स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम. राइनवाल्या देशांचं संयुक्त आयोग १९५० पासून आहे, ज्या जर्मनांनी पाच वर्षं त्यांचा देश दाबून ठेवला होता त्यांच्याबरोबर युद्ध संपून पाच वर्षं होतात न होतात तोवर एका टेबलाला बसले. आपल्याला बेळगावच्या पलीकडचा इंजिनियर फोनवर मिळाला तर बातमी होते.

आणि नाल्याचं काय सांगू. तिकडं ज्याच्या रानाला लागून चर किंवा ओढा आहे त्यानं तो दर शरदात साफ करायचा, गाळ-गवत काढायचं, मग मंडळाची माणसं येऊन बघून जातात, केलं नसेल तर दंड. शेतकऱ्याचा असो नाहीतर बंगलेवाल्याचा. आपल्याकडं जयंती नाला, दुधाळी नाला, नावं घेतली की नाकाला रुमाल. त्यांच्या काठाला भराव टाकून कुणी काय काय उभं केलंय हे या गावात सगळ्यांना माहीत आहे आणि पुराची निळी रेषा, लाल रेषा नकाशावर कुठनं जाते हे पण माहीत आहे, फक्त प्लॉट विकत घेणाऱ्याला माहीत नसतं.

तिथलं सगळं गोड नाही हे पण छापा. घरं मिळत नाहीत, भाडी ऐकली तर माणूस परत विमानात बसेल. डॉक्टरकडं जा नाहीतर न जा, पॅरासिटामॉल. शेजाऱ्याच्या दारात सहज जाऊन 'काय चाललंय' म्हणता येत नाही, आधी मेसेज. ग्रोनिंगनच्या बाजूला नैसर्गिक गॅस उपसून उपसून भूकंप झाले, घरांना तडे गेले आणि ती माणसं भरपाईसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिली, तेव्हा कागदी घोडे तिकडं पण असतात. आणि ज्या पैशावर ॲमस्टरडॅमचे ते सुंदर वाडे उभे आहेत त्यातला काही इंडोनेशियातनं आणि गुलामांच्या व्यापारातनं आला, त्यांच्या राजानं २०२३ ला माफी मागितली गुलामगिरीबद्दल. वेंगुर्ल्याला गेलात तर डच वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत, आपल्या किनाऱ्यावर पण ही मंडळी काय समाजसेवेला आली नव्हती. द हेगमधे एका दुकानात रोटी आणि बटाट्याची भाजी खाल्ली, दुकानदारीण आपल्यातलीच दिसायला, बोलली तर भोजपुरीसारखं काहीतरी. तिचे पणजोबा-खापरपणजोबा १८७३ नंतर सुरीनामला उसाच्या मळ्यात मजूर म्हणून नेलेले, तिथनं ही माणसं हॉलंडला आली. उसाचं नाव निघाल्यावर मी तिला आमच्या जिल्ह्याचं सांगितलं तर म्हणाली आमच्या घरात ऊस हा शब्द कुणी प्रेमानं काढत नाही.

बाळंतपणाचं राहिलंच. बाळ झाल्यावर तिथं एक बाई आठवडाभर रोज घरी येते, सगळ्यांना सक्तीच्या असलेल्या आरोग्य इन्शुरन्समधनं, बाळाला आंघोळ कशी घालायची, आईनं काय खायचं हे बघते. आमच्या हिचं आणि तिचं पहिले दोन दिवस जमेना, डिंकाच्या लाडवाकडं ती संशयानं बघायची आणि ही तिच्या थंड सँडविचकडं. तिसऱ्या दिवशी तिनं टोस्टावर बटर लावून वर साखरेत घोळवलेली बडीशेपेसारखी बी पेरून पाहुण्यांना वाटली, तिथं बाळ झाल्यावर तशी पद्धत आहे, म्हणाली अंगावर दूध येतं यानं. हिनं आपल्या डब्यातनं बाळंतशोपा काढून दाखवल्या. त्यानंतर दोघींनी मिळून मला आणि जावयाला घराबाहेर काढलं ते शेवटपर्यंत. इंजिन बघायला मी गेलो तो त्यामुळंच.

तर काय म्हणतोय मी? टोल आपण घालवला. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी चाळीस वर्षं भांडलो आणि मिळवलं. नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीसाठी अख्खा जिल्हा पायी चालला. तेव्हा कोल्हापूरकरांना जमणार नाही असं काही नाही. पण ही सगळी भांडणं कुणाच्या तरी विरोधात होती, समोर माणूस होता, शिव्या घालायला सोय होती. नाल्यातला गाळ काढण्यात समोर कुणी नसतं आणि विजयाची मिरवणूक पण निघत नाही. त्याला तालीम लागत नाही, संस्था लागते, वहीत हिशोब लागतो, एप्रिलच्या उन्हात मीटिंग घ्यावी लागते. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या गावांनी आणि शहरानं मिळून एक निवडून दिलेलं मंडळ केलं आणि घरटी वर्षाला पाचशे रुपये पट्टी लावली तर मी पहिला भरीन, पावती मात्र पाहिजे आणि पैसे कुठं गेले ते दर महिन्याला बोर्डावर लागलं पाहिजे. कायद्यात कसं बसवायचं ते वकील मंडळी बघतील, आता तर बेंच पण गावात आहे.

तोवर तुमच्याकडं एक मागणं आहे. पावसाळ्यात तुम्ही रोज पहिल्या पानावर राजाराम बंधाऱ्याची पातळी छापता, इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, आम्ही पण चहाच्या आधी तेच बघतो. ती चौकट ऑक्टोबरात बंद करू नका. पावसाळा संपला की त्याच जागेवर छापा की या आठवड्यात कुठल्या नाल्यातला किती गाळ निघाला, निळ्या रेषेच्या आत कुठल्या बांधकामाला परवानगी दिली आणि सही कुणाची होती, सोनतळीला किती कुटुंबं राहायला गेली. काही झालं नसेल तर शून्य छापा, पण छापा. जागा कमी पडत असेल तर राशिभविष्य थोडं आखडतं घ्या.

आपला,
उद्यमनगरातला एक जुना वाचक
कोल्हापूर